आम्ही सर्व जण येथेच आहोत

दर रविवारी सकाळी उपासनेला जाताना माझी वाट ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून जाते. ही भिंत मुळात किल्ल्याची आहे. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथेच कैदेत होते आणि १८१६ मध्ये येथूनच निसटले. त्यांच्या सुटकेची हकीकत अशी सांगतात की, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घोड्याची निगा राखणारा मराठा मोतद्दार त्यांच्या खिडकीखाली काम करता करता गाणी म्हणत असे, आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नसल्यामुळे सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचत असे. पुढे १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर येथील सेंट जेम्स चर्चच्या समर्पणविधीसाठी ठाण्यात आले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट आपल्या प्रवासाच्या वृत्तान्तात नोंदवून ठेवली. (जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे गीत गातात, ते मूळ इंग्रजीत याच हेबर यांनी लिहिले आहे.) मला ज्या आनंदाविषयी लिहायचे आहे, त्याचाही संबंध तुरुंगाशी आणि गाण्याशी आहे, मात्र ते गाणे निसटून जाण्यासाठी म्हटलेले नव्हते, आणि हा फरक समजायला मला आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे लागली.

ऑगस्ट २०१८ मध्ये माझ्या पतींची नोकरी गेली. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ते तेवीस वर्षे फिटर होते. एका शनिवारी फाटकावर नोटीस लागली, आणि हिशेबाची रक्कम हप्त्याहप्त्याने मिळेल असे तोंडी सांगण्यात आले. त्यातला बराचसा भाग आजतागायत मिळालेला नाही. मुलगी बारावीला होती, लोकमान्यनगरमधील आमच्या घराचे कर्ज अजून फिटायचे होते, आणि माझ्या शाळेतील लेखनिकाच्या पगारात महिन्याचा तिसरा आठवडा ओलांडणेही कठीण होते. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला नव्याने कामावर घेताना लोक आधी त्याच्या केसांकडे पाहतात, हे आम्हांला त्या काळात कळले. हे रोज सकाळी नेहमीच्या वेळी उठत, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसत आणि दहा वाजले की सदरा काढून पुन्हा हँगरला लावून ठेवत. ते पाहणे मला पैशांच्या चिंतेपेक्षाही जड गेले.

त्याच सुमारास एका रविवारी उपासनेत साक्ष देण्याच्या वेळी आमच्या मंडळीतील एक ताई उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागली होती. त्यांनी डोळे पुसत प्रभूचे आभार मानले आणि म्हणाल्या, “प्रभू आपल्या लेकरांना आनंदी ठेवतो.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझे हात मांडीवरून उठले नाहीत. आम्ही त्याची लेकरे नव्हतो काय, हा प्रश्न मी त्या दिवशी कोणाला विचारला नाही, पण त्यानंतर मी त्या ताईंशी बोलणे बंद केले. समोर आल्या की मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागायची. माझ्या मनात ख्रिस्ती आनंदाचा जो अर्थ लहानपणापासून बसलेला होता, तोच त्यांनी सर्वांसमोर बोलून दाखवला होता: देवावर विश्वास ठेवावा, त्याने घर भरावे आणि त्या भरलेल्या घरात आपण आनंदी असावे. आता घर रिकामे होत चालले होते आणि त्या अर्थाचे काय करावे, ते मला कळत नव्हते.

अशा मनःस्थितीत आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांसाठी, महिला मंडळाचा शास्त्राभ्यास घेण्याची पाळी माझ्यावर आली, आणि विषय कोणीतरी आधीच ठरवून ठेवला होता, तो म्हणजे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्र, प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील मंडळीला लिहिलेले. या पत्राला आनंदाचे पत्र म्हणतात. चारच अध्याय, जेमतेम शंभरावर चार वचने. आणि तेवढ्यात आनंदाचा आणि आनंद करण्याचा उल्लेख सोळा वेळा येतो. मी तो अभ्यास कर्तव्य म्हणून स्वीकारला. रात्री जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुस्तक ठेवून मी उभ्यानेच टिपणे काढत असे, कारण बाहेरच्या खोलीत हे दिवा बंद करून लवकर झोपल्यासारखे पडलेले असत.

पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले, हे मला ठाऊक होते. ज्या मंडळीला त्याने ते लिहिले तिचा जन्मही एका तुरुंगाच्या आसपास झाला, याकडे मात्र मी कधी नीट पाहिले नव्हते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ही हकीकत आहे. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्या मारून आतल्या कोठडीत टाकले जाते आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले जातात. मध्यरात्री ते प्रार्थना करतात, देवाची गीते गातात, आणि इतर कैदी ऐकत असतात. मग भूमिकंप होतो, दारे उघडतात, बेड्या गळून पडतात. बंदिशाळेचा नायक जागा होतो आणि कैदी पळाले असे समजून स्वतःचा जीव घ्यायला तलवार उपसतो, तोच अंधारातून पौल मोठ्याने ओरडतो की, “तू स्वतःला काही अपाय करून घेऊ नकोस, आम्ही सर्व जण येथेच आहोत.”

ते वाचताना मला त्रिंबकजींची आठवण झाली. त्यांच्यासाठी खिडकीखाली म्हटलेले गाणे दारापर्यंत पोहोचण्याचे साधन होते, आणि एका कैद्याने सुटकेची वाट शोधावी यात मला काही वावगे वाटत नाही. पण फिलिप्पैच्या कोठडीत दार सताड उघडले, आणि गाणारे तेथेच बसून राहिले. मी ज्या आनंदाची वाट पाहत होते तो दार उघडण्यावर अवलंबून होता: कारखाना पुन्हा सुरू होईल, हिशेबाची रक्कम मिळेल, मग मी गाईन. येथे गाणे आधी झाले होते, दार नंतर उघडले, आणि उघडल्यावर त्या दाराची कोणाला घाई राहिली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री माझ्या लक्षात आली आणि ती मी टिपणवहीत दोनदा अधोरेखित केली. पौल आणि सीला कोठडीत आनंदी होते असे तो अध्याय म्हणतच नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि ते गायले, इतकेच तेथे लिहिले आहे. त्यांच्या पाठीवर वळ होते आणि ते दुखत असणारच. आनंदाचा शब्द येतो तो शेवटी, आणि तो त्या नायकाच्या वाट्याला येतो. तो त्यांच्या जखमा धुतो, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो, त्यांना आपल्या घरी नेऊन जेवू घालतो आणि सगळ्या घरादारासह आनंदित होतो. काही वर्षांनी पौलाचे पत्र जेव्हा त्या मंडळीत मोठ्याने वाचले गेले असेल, तेव्हा तो नायकही ऐकायला बसलेला असेल, असे मला नेहमी वाटते. “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा” हे वाक्य त्याने कोणत्या आठवणीने ऐकले असेल!

आपल्या भाषेत सुख म्हटले की पाठोपाठ दुःख येते आणि हर्ष म्हटला की शोक येतो. आनंद या शब्दाला मात्र रोजच्या बोलण्यात असा विरुद्ध जोडीदार सापडत नाही. पौलाच्या ग्रीक भाषेत आनंदाला ‘खारा’ म्हणतात आणि तो शब्द कृपेसाठी असलेल्या ‘खारिस’ या शब्दाच्या कुळातला आहे. मराठी कानाला ‘खारा’ म्हटल्यावर अश्रूंची चव आठवते, आणि या पत्रापुरती तरी ती आठवण चुकीची नाही. कारण याच पत्रात एपफ्रदीत नावाचा सोबती मरणाच्या दारी जाऊन आल्याचे सांगताना, तो गेला असता तर आपल्याला ‘दुःखावर दुःख’ झाले असते, असे पौल मोकळेपणाने लिहितो, आणि पुढे एका ठिकाणी आपण रडत रडत हे सांगत आहोत असेही म्हणतो. एका रात्री अंधारात यांनी मला विचारले होते, “अगं, मी रडलो, तर माझा विश्वास कमी आहे असं होतं का?” तेव्हा मी गप्प राहिले होते. आता मी त्यांना ही वचने वाचून दाखवली आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला हेही सांगितले. हे त्यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी दिवा लावला आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन तो भाग स्वतः वाचला.

सतत हसतमुख राहणे म्हणजे ख्रिस्ती आनंद, या समजुतीने आमच्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ माणसांना एकटे पाडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी आजारपण, कर्ज किंवा भांडण आहे, ती माणसे चेहरा सावरता येईना म्हणून आधी मागच्या बाकावर बसू लागतात आणि मग येणेच सोडून देतात. स्तोत्रसंहितेत विलापाची इतकी स्तोत्रे आहेत, ती काय कोणी चुकून ठेवली? रात्री रडणे वस्तीला आले तरी सकाळी आनंद होतो, असे तिसाव्या स्तोत्रात म्हटले आहे. म्हणजे रडण्यालाही घरात रात्रभर जागा दिलेली आहे.

अभ्यासाच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौथ्या अध्यायाशी पोहोचलो आणि मी सरळ चौथ्या वचनावर गेले. तेव्हा मंडळातील एक तरुण मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही दुसरं वचन गाळलंत.” मी ते गाळले होते, आणि चुकून गाळले नव्हते. त्या वचनात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना विनंती करतो की, त्यांनी प्रभूमध्ये एकचित्त व्हावे. भांडण कशावरून होते हे तो सांगत नाही. दोघींनी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर श्रम केले होते एवढे मात्र तो आवर्जून सांगतो, आणि लगेच पुढे सर्वदा आनंद करण्याविषयी लिहितो. त्या ताई चटईवर माझ्यासमोरच बसल्या होत्या. मी ते वचन मोठ्याने वाचले आणि माझा आवाज मध्येच बसला. सोळा उल्लेखांपैकी दोन ठिकाणी पौलाने जो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ दुसऱ्याबरोबर आनंद करणे असा आहे, हे मीच थोड्या वेळापूर्वी सर्वांना समजावून सांगितले होते.

शनिवारी दुपारी मी कळव्याला त्यांच्या घरी गेले. क्षमा मागण्यासाठी जी वाक्ये मी वाटेत जुळवली होती ती दारातच विसरले. त्यांनी चहा ठेवला आणि मग स्वतःहूनच सांगितले की, यजमान गेल्यानंतर नऊ वर्षे त्यांनी जेवणाचे डबे करून मुलाला शिकवले होते, आणि त्या नऊ वर्षांत साक्षीच्या वेळी उभे राहून सांगण्यासारखे आपल्याकडे काही आहे असे त्यांना एकदाही वाटले नव्हते. त्या रविवारी पहिल्यांदा वाटले. “मला वाटलं होतं, सगळ्यांत जास्त तुम्हांलाच बरं वाटेल,” त्या म्हणाल्या, “तुम्ही माझ्या मुलाला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.” मला त्यांच्या मुलाचे ते वय आठवले, त्याची शाई सांडलेली वही आठवली, आणि आपण कोणत्या टाळ्या रोखून धरल्या होत्या ते कळले. मी तेथे बराच वेळ रडले. त्या वेळी मनावरचा जो भार उतरला, त्याला आनंदाखेरीज दुसरे नाव मला सापडत नाही. आणि त्या दिवशी आमच्या घरच्या खात्यात चार हजारांहून थोडी अधिक रक्कम होती.

त्याच शनिवारी हे चर्चमध्ये होते. आमच्या चर्चची जुनी पेटी कित्येक वर्षे वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीच्या, कोपऱ्यात पडून होती. तिच्या भात्याच्या घडीला चीर गेली होती, पावसाळ्यात फुगलेल्या काही पट्ट्या दाबल्या की वर येत नसत, आणि पाचसहा सूर मुके झाले होते. गाण्यांना कीबोर्डची साथ असायची, आणि ती चांगलीच होती. पण टिळकांची पदे पेटीवर ऐकलेल्या माणसाला काहीतरी उणे वाटत राही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत, पदांत आणि भजनांत आणून ठेवली, म्हणूनच नगरकडची माझी आजी ती गाणी दळताना, निवडताना, पाणी भरताना म्हणू शकत असे. पाळकसाहेबांनी यांना सहज विचारले होते, “तुमचा हात यंत्रावर बसलेला आहे, एकदा पेटीकडे बघाल का?” पेटी हे काही लेथ मशीन नव्हे, असे हे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन गेले.

तीन आठवडे ते जात राहिले. प्रत्येक पट्टी काढून त्यांनी बाजू घासल्या, सुरांच्या पितळी पात्यांखाली साचलेली धूळ मऊ ब्रशने काढली, आणि भात्याच्या चिरेवर माझ्या जुन्या चामडी पर्सचा तुकडा सरसाने चिकटवला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या बोटांना त्या सरसाचा वास यायचा. ऑगस्टनंतर प्रथमच ते जेवताना आपल्या कामाविषयी बोलू लागले: कोणता सूर आज बोलला, कोणता अजून कुरकुरतो, हवा कोठून गळते. सकाळचा इस्त्रीचा सदरा आता दहा वाजता हँगरवर परत जात नव्हता. या कामाचे पैसे मिळणार नव्हते, आणि ती गोष्ट आम्हां दोघांच्याही मनात आली नाही.

आगमनकाळाचा तिसरा रविवार त्या वर्षी १६ डिसेंबरला होता. हा रविवार जुन्या परंपरेने आनंदाचा मानला जातो. पुष्कळ मंडळ्यांमध्ये त्या दिवशी जांभळ्या मेणबत्त्यांमधील एकच गुलाबी मेणबत्ती लावतात, आणि दर तीन वर्षांनी त्या दिवशीच्या वाचनात फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय येतो. त्या वर्षी तो आला होता. वाचन माझ्याकडे होते. मी चौथ्या वचनापासून सुरुवात करायची होती, पण पाळकसाहेबांना आधी विचारून मी दुसऱ्या वचनापासून वाचले. सुंतुखेचे नाव घेताना मी वर पाहिले नाही. खाली येऊन बसताना कळव्याच्या ताईंनी बाकावर सरकून मला जागा केली.

मग पेटी वाजली. पहिल्या दोन ओळींत लोक गाण्यापेक्षा ऐकतच होते, आणि तिसऱ्या ओळीला सगळे चर्च एकदम गाऊ लागले. मागच्या बाकावरचे वृद्ध, जे कीबोर्डच्या वेगाशी जमत नाही म्हणून पुस्तक मिटून बसत, तेही गात होते. हे पेटीच्या बाजूला, भात्याकडे कान लावून उभे होते. कोठे हवा तर गळत नाही ना, एवढेच त्यांना ऐकायचे होते. थोड्या वेळाने त्यांनी भात्याकडून मान वर केली आणि तेही गाऊ लागले. यांना गाता येत नाही, लग्नापासून मी त्यांना कधी गाताना ऐकले नव्हते. खालच्या पट्टीत, थोडेसे बेसूर, पण एकही शब्द न चुकवता ते गात होते, आणि माझ्याजवळच्या पुस्तकातली अक्षरे मला दिसेनाशी झाली. घरचे कर्ज तेवढेच होते. पुढचे दहा महिने यांना काम मिळायचे नव्हते, आणि त्या महिन्यांत आमच्यात कडाक्याची भांडणेही झाली. एकदा तर मी मार्च महिन्यात सलग दोन रविवार उपासनेला गेले नाही. आनंद एकदा आला आणि कायमचा राहिला, असे मी म्हणू शकत नाही. पौलही ‘मी शिकलो आहे’ असे लिहितो, आणि शिकणे म्हटले की त्यात विसरणे आलेच. पण त्या रविवारी तो आमच्यात होता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये यांना रबाळे येथील एका लहान कारखान्यात काम मिळाले, पगार आधीच्या दोन तृतीयांश. शनिवारीही कामावर जावे लागत असल्यामुळे पेटीची देखभाल आता रविवारी सकाळीच होते. आम्ही तासभर आधी निघतो, स्टेशनच्या बाजूला बसमधून उतरतो आणि तुरुंगाच्या भिंतीकडेने चालत जातो. यांच्या पिशवीत पेचकस आणि ब्रश असतो. खालच्या सप्तकातला एक सूर अजूनही थोडा उतरलेला आहे आणि यांनी त्याची आशा सोडलेली नाही. कळव्याच्या ताई रविवारी एक जास्तीचा डबा आणतात. उपासना संपली, सगळे पांगले आणि पेटीवर कापड घालून झाले की आम्ही तिघे मागच्या बाकावर बसतो आणि तो डबा उघडतो.